पाच लांबोळे जीव : वर्गीकरणाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवीसाठी)

सजीवांचे वर्गीकरण हा पाठ बहुतेक शाळांतून पाठांतराचा पाठ होऊन बसला आहे. मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन ही नावे मुले एका दमात म्हणून दाखवितात. प्रत्येक गटाची दोन-तीन उदाहरणेही सांगतात. परंतु पुस्तकात न आलेला एखादा जीव त्यांच्यापुढे ठेवून "हा कोणत्या गटातला?" असे विचारले, म्हणजे वर्गात शांतता पसरते, किंवा नुसत्या दिसण्यावरून झटकन उत्तर येते. वटवाघूळ उडते म्हणून ते पक्षी, देवमासा पाण्यात राहतो म्हणून तो मासा, कोळी लहान आणि पुष्कळ पायांचा म्हणून तो कीटक! नावे पाठ झाली, पण गट पाडण्याची दृष्टी आली नाही, असाच याचा अर्थ होतो.

ही दृष्टी कशी आणता येईल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी लागणारी सामग्री खेड्यातील शाळेला सहज मिळण्यासारखी आहे.

एक प्रसंग

सह्याद्रीच्या पायथ्याशी एक दोनशिक्षकी शाळा आहे. आषाढाचे दिवस होते. गुरुजींनी आदल्या दिवशी मुलांना गांडुळे आणावयास सांगितले होते. दुसऱ्या दिवशी कोणी करवंटीतून, कोणी केळीच्या पानात ओली माती घेऊन मुले हजर झाली. गुरुजी एकेक करवंटी पाहून "गांडूळ, ठीक" असे म्हणत पुढे जात होते. एका मुलाच्या करवंटीत काळसर, काडीएवढा बारीक, वीतभरही लांब नसलेला जीव होता. "हेही गांडूळच, जरा काळ्या जातीचे," असे म्हणून गुरुजी फळ्याकडे वळले.

पाचवीतील एक मुलगी करवंटीजवळ वाकून पाहत होती. ती म्हणाली, "गुरुजी, ह्याचं अंग ओलं नाही. आणि ह्याला जीभ आहे."

"गांडुळाला कुठली जीभ?" गुरुजी म्हणाले, पण ते परत आले. त्यांनी पाहिले, तो खरोखरच केसासारखी बारीक जीभ क्षणभर बाहेर येऊन आत जात होती. अंग तेल लावल्यासारखे चकचकीत होते. तेवढ्यात मागून कोणी ओरडले, "सापाचं पिल्लू आहे! मारा!" आणि एका मुलाने दाराशी पडलेला दगड उचललाही.

गुरुजींनी त्याला थांबविले. मुलांना चार पावले मागे सारून त्यांनी करवंटीवर दुसरी करवंटी पालथी घातली. मग ते म्हणाले, "मुलांनो, मी चुकलो. मी नुसता आकार पाहिला. हिने अंग पाहिले. हे गांडूळ नाही, हे नक्की. काय आहे, ते मला आज सांगता येत नाही. उद्या पाहून सांगतो."

करवंट्या शाळेमागच्या बांधावर उघडून तो जीव सोडून देण्यात आला. गुरुजींनी त्या रात्री पुस्तके चाळली. तो वाळा होता. वाळा हा बिनविषारी साप आहे. पूर्ण वाढ झाल्यावरही तो एवढाच राहतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना हे सांगितले, आणि अनोळखी जीव कोणीही हातात धरून शाळेत आणावयाचा नाही, असा नियमही घालून दिला.

या प्रसंगातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आकारावरून पाडलेला गट फसवा ठरू शकतो, ही पहिली. त्या मुलीने केले ते खरे वर्गीकरण, ही दुसरी. तिला सरीसृप हा शब्द ठाऊक नसेल. पण एक लक्षण सारखे दिसले तरी बाकीची लक्षणे जुळतात की नाही, हे तिने पाहिले.

पूर्वपाठ : बियांचे गट

प्राण्यांकडे वळण्यापूर्वी एक-दोन तास बियांसाठी द्यावेत. बियांची वाटणी मुलांना स्वतःच्या हातांनी करता येते, आणि चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

मुलांकडून घरातील धान्ये आणवावीत : हरभरा, वाल, चवळी, उडीद, शेंगदाणे, मका, ज्वारी व भात. सर्व बिया एकत्र मिसळून प्रत्येक तुकडीपुढे मूठभर ठेवाव्यात व "यांचे गट पाडा" एवढेच सांगावे. कसे पाडावयाचे, ते सांगू नये. मुले रंगावरून, आकारावरून, लहानमोठेपणावरून गट पाडतील. कोणी भाकरीचे धान्य आणि आमटीचे धान्य असेही गट करील. यांपैकी एकही वाटणी चुकीची म्हणू नये. मात्र प्रत्येक तुकडीस पुढील प्रश्न विचारावा : "तुझ्या गटातल्या बियांबद्दल, तू न पाहिलेली आणखी एखादी गोष्ट तुला सांगता येईल काय?"

रंगावरून गट पाडणाऱ्यास काही सांगता येणार नाही. पांढरी चवळी आणि पांढरी ज्वारी एका गटात बसल्या; पण त्यांचे रोप सारखे नाही, पान सारखे नाही, मूळही सारखे नाही.

मग हरभरा, वाल, चवळी व मका रात्रभर भिजत घालून दुसऱ्या दिवशी साल काढून पाहावयास लावावेत. हरभरा, वाल व चवळी यांच्या दोन डाळिंब्या सुटतात. मक्याच्या सुटत नाहीत. हे झाले एक लक्षण. याच बिया करवंट्यांतून पेराव्यात. आठ-दहा दिवसांनी रोपे अलगद उपटून मुळे धुऊन पाहावीत. दोन दलांच्या रोपांना एक मुख्य सोटमूळ व त्याला फुटलेली उपमुळे दिसतात. पानांत शिरांची जाळी दिसते. मक्याची मुळे मात्र झुपक्यासारखी, तंतुमय असतात, आणि पानाच्या शिरा एकमेकींशी समांतर धावतात.

पाठाचा गाभा येथे आहे. दलांवरून पाडलेल्या गटात मुळे व पानेही आपोआप जुळून आली. आपण पाहिले होते बी. पण गट बरोबर पडल्यामुळे न पाहिलेल्या मुळाबद्दलही आपल्याला बोलता येऊ लागले. शास्त्रातील चांगल्या वर्गीकरणाची कसोटी हीच होय. ज्या गटातील एक लक्षण कळले असता इतर अनेक लक्षणांचा अंदाज बांधता येतो, तो गट निसर्गाला धरून आहे. ज्या गटातून पुढे काहीच कळत नाही, तो केवळ सोयीसाठी केलेला ढीग होय.

लगेच एक अपवादही दाखवावा. अळूचे पान मुलांच्या परिचयाचे आहे. त्याच्या शिरा जाळीदार दिसतात. म्हणून मुले अळू द्विदल ठरवितील. वास्तविक अळू एकदल आहे, आणि त्याची मुळे तंतुमय आहेत. यावरून एका लक्षणावर विसंबून गट ठरवू नये, शक्य तितकी अधिक लक्षणे पडताळावीत, हे मुलांच्या मनावर ठसेल.

मुख्य पाठ : पाच लांबोळे जीव

आता फळ्यावर पाच नावे लिहावीत : गांडूळ, वाळा, मांडूळ, देवगांडूळ व वांब. पाचांचेही शरीर लांब व निमुळते. एकालाही पाय नाहीत. जमिनीवर ठेवले तर पाचही सरपटतील किंवा वळवळतील. लहान मुलास विचारले तर तो पाचांना एकाच गटात घालील. हा गट टिकतो काय, हे मुलांनीच शोधून काढावयाचे आहे.

यांपैकी गांडूळ तेवढे वर्गात आणावे. बाकीच्या चौघांची चित्रे जाड कागदावर काढून घ्यावीत. मुलांची वही दोन रकान्यांत विभागावी. एकावर "पाहिलेले" व दुसऱ्यावर "ऐकलेले किंवा वाचलेले" असे लिहावे. स्वतः डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आणि दुसऱ्याच्या शब्दावर मानलेली गोष्ट यांतील भेद मुलांना लहानपणीच कळला पाहिजे. शिक्षकाने सांगितलेली माहितीही दुसऱ्या रकान्यातच जावी.

गांडूळ. ओल्या मातीतील गांडूळ काढून क्षणभर कोरड्या कागदावर ठेवावे व सर्वांना शांत बसवावे. गांडूळ सरकू लागले, की बारीकशी खरखर ऐकू येते. त्याच्या अंगावर अत्यंत सूक्ष्म ताठ केस असतात. त्यांची ही खरखर होय. शरीर अनेक वलयांचे बनलेले दिसते, आणि वाढ झालेल्या गांडुळाच्या पुढच्या भागाजवळ एक फुगीर पट्टा असतो. त्वचा ओलसर असते. त्वचेतूनच ते श्वास घेते. त्याला डोळे, जबडा किंवा हाडे नाहीत. पाठीचा कणाही नाही. निरीक्षण संपताच गांडूळ ओल्या मातीत परत ठेवावे. त्वचा सुकली तर ते गुदमरून मरते. वलयांच्या शरीराचे हे प्राणी वलयी प्राण्यांच्या संघात मोडतात. जळू ही याच संघातील.

वाळा. हा गांडुळाएवढाच, पण त्याचे सर्वांग गुळगुळीत, चकाकणाऱ्या खवल्यांनी झाकलेले असते. डोळे खवल्यांखाली काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो. तो विषारी नसतो. आत कणा आहे, फासळ्या आहेत. श्वास फुप्फुसाने चालतो. मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि अळ्या हे त्याचे खाद्य. कुंड्यांतील व परसातील मातीत आढळणाऱ्या वाळ्याच्या सामान्य जातीत सर्व माद्याच असतात, आणि नराविना त्यांची अंडी फळतात. खवलेदार त्वचा, कणा व फुप्फुस या लक्षणांमुळे वाळा सरीसृपांत, आणि त्यांतही सापांत मोडतो.

मांडूळ. हाही जमिनीत राहणारा बिनविषारी साप. अंग जाड, खवले लहान. शेपटी निमुळती न होता डोक्याप्रमाणेच बोथट असते. म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. वस्तुतः तोंड एकच असते. उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य असल्यामुळे तो शेतकऱ्याचा मित्र आहे. मांडुळाची मादी अंडी न घालता जिवंत पिल्ले प्रसवते. येथे मुले म्हणतील, "गुरुजी, मग तो सस्तन झाला!" हा प्रश्न येऊ द्यावा, न आला तर शिक्षकाने उपस्थित करावा. सस्तन प्राण्यांच्या अंगावर केस असतात, आणि मादी पिल्लांना दूध पाजते. मांडुळाला केसही नाहीत आणि दूधही नाही, खवले आहेत. घोणस व फुरसे या विषारी सापांच्या माद्याही पिल्लेच प्रसवतात. एकट्या लक्षणावरून गट ठरत नाही, हे अळूच्या पानाने सांगितले होते. मांडूळ तेच पुन्हा सांगते.

देवगांडूळ. सह्याद्रीच्या पावसाळी भागातील मुलांनी हा जीव पाहिलेला असण्याचा संभव आहे. पण तो त्यांनी गांडूळ म्हणूनच पाहिला असेल. शरीरावर गांडुळासारखीच वलये, त्वचा ओलसर, डोळे अगदी बारीक, रंग बहुधा करडा किंवा जांभळट. तरीही हा गांडुळाचा नातेवाईक नाही. त्याला कवटी आहे, जबड्यात दात आहेत, पाठीला कणा आहे. डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक लहानशी स्पर्शिका असते. तिच्या साहाय्याने तो अंधाऱ्या मातीत वाट व भक्ष्य शोधतो. अंड्यांना कठीण कवच नसते. पुष्कळ जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून राखण करते. काही जातींची पिल्ले प्रथम पाण्यात राहतात व नंतर जमिनीवर येतात. या लक्षणांमुळे तो उभयचरांत, म्हणजे बेडकाच्या वर्गात मोडतो. पाय नसलेला हा बेडकाचा दूरचा भाऊबंद होय. खंडाळ्याच्या देवगांडुळाचे शास्त्रीय वर्णन १९६० साली, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या एका जातीचे २००३ साली प्रसिद्ध झाले. शेतकऱ्याच्या कुदळीखाली वर्षानुवर्षे निघणाऱ्या जीवाची शास्त्राने दखल घ्यावयास इतका काळ लागला, हे मुलांना आवर्जून सांगावे. आपल्या बांधावरही शोधण्यासारखे काही उरले असेल, ही जाणीव त्यांना व्हावी.

वांब. नदीकाठच्या मुलांना हा मासा ठाऊक असतो. सापासारखा लांब व बुळबुळीत. हातात ठरत नाही. पण कल्ले आहेत, पर आहेत, आणि जेवताना निघणारा काटा हा त्याचा कणाच होय. पाण्यातील हवा तो कल्ल्यांनी घेतो. म्हणून तो मासा.

पाचही जीव झाल्यावर मुलांना चार प्रश्न द्यावेत व त्यांच्या आधारे गट पुन्हा पाडावयास लावावेत : कणा आहे काय? त्वचा कशी आहे? श्वास कशाने चालतो? पिल्ले कशी जन्मतात व वाढतात? पहिल्याच प्रश्नाला गांडूळ एका बाजूस पडते व बाकीचे चार दुसऱ्या बाजूस जातात. कल्ल्यांच्या व परांच्या लक्षणाने वांब वेगळी निघते. ओलसर, बाहेरून खवले न दिसणाऱ्या त्वचेने देवगांडूळ वेगळे होते. शेवटी वाळा व मांडूळ एकत्र उरतात. सकाळी ज्यांना सगळ्यांत भिन्न मानले असते, तो काडीएवढा वाळा आणि मनगटाएवढे मांडूळ एका गटात आले. आणि जुळ्या भावांसारखे दिसणारे गांडूळ व देवगांडूळ सर्वांत दूर गेले.

हे असे का?

"दिसतात सारखे, मग निघतात वेगळे, असं का गुरुजी?" हा प्रश्न विचारणारे मूल वर्गात असेल, तर तो पाठ सफळ झाला असे समजावे. उत्तर गावातल्याच उदाहरणाने द्यावे. आवणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्या सर्वांचे पाय सारखेच चिखलाने भरलेले असतात, डोक्यावर सारखीच इरली असतात. म्हणून ते सर्व एका भावकीचे ठरत नाहीत. उलट, एकाच भावकीतील एक भाऊ मुंबईला गिरणीत गेला, दुसरा गावी शेतीवर राहिला. दोघांचा वेश वेगळा, बोलणे वेगळे, तरी भावकी एकच.

जमिनीत बीळ करून राहावयाचे, तर लांब, निमुळते व पाय नसलेले शरीर सोयीचे पडते. त्यामुळे निरनिराळ्या कुळांतील जीवांना तोच आकार आला. हा झाला कामाचा वेश. कणा, त्वचा, श्वसनाची इंद्रिये व वाढीची रीत ही मात्र पूर्वजांकडून आलेली असतात, आणि भावकी त्यांवरून ओळखता येते. सापांच्या पूर्वजांना पाय होते. आजही अजगराच्या मागील भागात दोन्ही बाजूंस एकेक लहान नखी दिसते. ती मागच्या पायांची उरलेली खूण होय. चार्ल्स डार्विन याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार मांडला : सजीवांचे खरे वर्गीकरण म्हणजे त्यांची वंशावळ होय.

शिक्षकांसाठी अधिक माहिती

सजीवांचे गट पाडण्याचा प्रयत्न फार जुना आहे. आपल्याकडे उपनिषदांच्या काळी जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार प्रकार सांगितले गेले. जन्म कसा होतो, हे त्यांतील मुख्य लक्षण. चरकसंहितेत वनस्पती, वानस्पत्य, ओषधी व वीरुध असे चार भेद आहेत. त्यांपैकी फूल न येता फळ येणारी ती वनस्पती. उंबर यात मोडे. उंबराला फुले असतात, पण ती फळासारख्या दिसणाऱ्या भागाच्या आत दडलेली असतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. उंबर फोडून भिंगातून मुलांना ती दाखविता येतील. ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल याने रक्त असलेले व रक्त नसलेले असे प्राण्यांचे दोन भाग केले. ही विभागणी कणा असलेले व नसलेले यांच्याशी पुष्कळशी जुळते. तरी गांडुळाचे रक्त तांबडेच असते, ही अडचण राहतेच.

आजच्या पद्धतीचा पाया स्वीडनचे कार्ल लिनियस (१७०७-१७७८) यांनी घातला. प्रत्येक जातीस दोन शब्दांचे नाव देण्याची त्यांची रीत जगभर रूढ झाली. वड, पिंपळ व उंबर यांची शास्त्रीय नावे अनुक्रमे फायकस बेंगालेन्सिस, फायकस रिलिजिओसा व फायकस रेसिमोसा अशी आहेत. पहिला शब्द तिघांचा एकच आहे, म्हणजे ती एका प्रजातीची आहेत, हे नावावरूनच कळते.

या थोर शास्त्रज्ञालाही दिसण्याने चकविले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १७३५ च्या आपल्या ग्रंथात लिनियस यांनी देवमाशाला माशांत घातले. देवमासा हवेत श्वास घेतो व पिल्लांना दूध पाजतो, या लक्षणांना धरून १७५८ च्या आवृत्तीत त्यांनी त्याला सस्तनांत आणले. मात्र त्याच आवृत्तीत देवगांडुळांची गणना त्यांनी सापांत केली होती; ती चूक पुढे इतरांनी सुधारली. विद्वत्तेला कमीपणा न आणता चूक सुधारता येते, हे मुलांना दाखविण्यास याहून चांगले उदाहरण नाही.

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती व जाती या सात पायऱ्या समजाविताना पत्त्याचा उपयोग करावा : देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, घर व व्यक्ती. वरून खाली यावे तसा गट लहान होतो आणि साम्य वाढते. हे गट कायमचे ठरून गेलेले नाहीत, हेही सांगावे. पूर्वी अळंबी वनस्पतींत मोजली जात असे. १९६९ साली व्हिटाकर यांनी मांडलेल्या पाच सृष्टींच्या पद्धतीत कवकांना स्वतंत्र सृष्टी मिळाली. अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने गटांची अधिक बारकाईने फेरमांडणी होत आहे.

एक महत्त्वाची सावधगिरी

या पाठानंतर मुले सापांची लक्षणे पाहण्यास जवळ जाण्याचा धोका आहे. तो शिक्षकांनी आधीच ओळखावा. कवड्या हा बिनविषारी साप व मण्यार हा अत्यंत विषारी साप. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे बहुधा शेपटीकडे ठळक असतात व डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचे त्याउलट. पण अंधारात, घाईत, सरपटत्या सापाची ही लक्षणे पडताळणे मोठ्यांनाही साधत नाही. अनेक लक्षणे शांतपणे पाहिल्यावाचून गट ठरवावयाचा नाही, हाच जर पाठाचा धडा असेल, तर समोर आलेल्या सापाच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच : दूर राहावे, हात लावू नये, दगड मारू नये, मोठ्यांना सांगावे.

मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास होतो. त्याच्या वेदना व खुणा फारशा जाणवतही नाहीत. दंशाचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे वेळ न घालविता रुग्णास सरळ दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस उपलब्ध आहे. दंश करणारा साप मारून किंवा पकडून आणण्यात वेळ दवडू नये.

मांडुळाच्या बाबतीत धोका उलट बाजूचा आहे. त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, या खुळ्या समजुतीपायी त्याला पकडून विकण्याचे प्रकार घडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे व विकणे हा गुन्हा ठरविला आहे. दोन तोंडे नाहीत, ती बोथट शेपटी आहे, एवढे ज्या मुलाला कळले, ते उद्या मोठे होऊन या फसवणुकीस बळी पडणार नाही.

स्वाध्याय

१. घरातील दहा बियांचे एकदल व द्विदल असे गट पाडा. शंका आली ती बी पेरून पाहा.

२. वटवाघूळ, चिमणी व फुलपाखरू तिन्ही उडतात. तिघांची प्रत्येकी तीन लक्षणे लिहा व कोण कोणत्या गटात जाईल ते कारणांसह सांगा.

३. कोळी व मुंगी यांचे पाय मोजा. शरीराचे भाग किती दिसतात ते लिहा. दोघे एका गटात बसतात काय?

४. मांडूळ पिल्ले प्रसवते, तरी ते सस्तन का नाही?

५. आठवडाभरात पाहिलेल्या एका अनोळखी जीवाचे लांबूनच निरीक्षण करा. नाव ठाऊक नसेल तर "नाव ठाऊक नाही" असे लिहून लक्षणे नोंदवा.

पाचव्या स्वाध्यायाच्या वह्या शिक्षकांनी विशेष काळजीने तपासाव्यात. "नाव ठाऊक नाही" असे लिहून ज्याने पाच लक्षणे नोंदविली, त्याला नाव लिहून एकही लक्षण न नोंदविणाऱ्यापेक्षा अधिक गुण द्यावेत. एखाद्या जीवाचे नाव शिक्षकालाही सांगता आले नाही, तर वहीवर तसे लिहावे, आणि शोध करून नंतर सांगावे. प्रसंगातील त्या शाळेत निरीक्षणाची वही अजून चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर गुरुजींनी स्वतःच्या हाताने नोंद केली आहे : "काळे गांडूळ" हे खोडून पुढे "वाळा", आणि त्याखाली ती जीभ प्रथम पाहणाऱ्या मुलीचे नाव.